संमतीपत्रात ज्याचे नाव नाही, ते नदीत कुणी मोजायचे?

खेड तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावातून माध्यमिक शाळेच्या शिक्षकांनी प्रश्न विचारला आहे. औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या पाण्याबद्दल तक्रार केली की दर वेळी ‘सर्व घटक विहित मर्यादेत आहेत’ असे उत्तर येते. पीफास नावाची फ्लोरिनयुक्त रसायने वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत, हे त्यांच्या वाचनात आले आहे. ती आपल्या पाण्यात सोडली जातात का, हे जाहीर करणे कारखान्यांवर बंधनकारक आहे का, आणि नसेल तर ते कसे करता येईल, असे त्यांना विचारायचे आहे.

सर, मी सत्तावीस वर्षे औद्योगिक सांडपाण्याचे काम करतो आहे. पहिली सहा वर्षे सामूहिक प्रक्रिया केंद्राच्या, म्हणजे सीईटीपीच्या प्रयोगशाळेत गेली आणि पुढची कारखान्यांचे संमती अर्ज भरण्यात व त्यांचे ईटीपी, म्हणजे स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया संयंत्र, चालते करून देण्यात. आपण ज्या उत्तराला कंटाळला आहात, ते जिथे तयार होते त्या टेबलाशी मी बसलेलो आहे. म्हणून आधीच सांगतो, की ‘सर्व घटक मर्यादेत’ हे उत्तर बहुतेक वेळा खोटे नसते. ते मोजलेल्या घटकांपुरते खरे असते, आणि काय मोजायचे ते आधीच ठरून गेलेले असते.

भूपृष्ठावरील पाण्यात सांडपाणी सोडण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांत जी सर्वसाधारण मानके आहेत, त्यांत सामू ५.५ ते ९, बीओडी (सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे ३० मिलिग्रॅम, सीओडी (ते पदार्थ रसायनाने जाळताना लागणारा ऑक्सिजन) २५०, तरंगते घन पदार्थ १००, तेल व ग्रीस १० अशा मर्यादा आहेत. काही जड धातू, फिनॉल, सायनाइड यांचाही त्यात समावेश आहे. पीफास मात्र त्या यादीत नाहीत. पण यादीत नाव नसले तरी सीओडीसारख्या ढोबळ चाचणीत ती रसायने कुठेतरी पकडली जातील, असे अनेकांना वाटते, आणि तोच गैरसमज मला प्रथम दूर करायचा आहे. सीओडीच्या चाचणीत पाण्याचा नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट यांच्यासह १५० अंश सेल्सिअसवर दोन तास तापवतात आणि नमुन्यातील पदार्थांचे ऑक्सिडीकरण होताना किती ऑक्सिजन खर्च झाला ते मोजतात. साखर, स्टार्च, अल्कोहोल, बहुतेक रंग या आगीत जळून जातात. पीफासच्या रेणूतील कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध मात्र या उकळत्या आम्लालाही दाद देत नाही. नारिंगी द्रावण नारिंगीच राहते आणि प्रयोगशाळेतील मुलगा प्रामाणिकपणे ‘सीओडी ८०’ अशी नोंद करतो. बीओडीचे तर बोलायलाच नको. जे जिवाणूंना खाता येत नाही, ते जिवाणूंच्या चाचणीत दिसणार कसे? रसायन जितके चिवट, तितका अहवाल स्वच्छ, अशी ही उलटी गत आहे.

प्रमाणाचाही विचार करावा लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील पीफोआ आणि पीफॉस या दोन पीफास रसायनांसाठी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा ठरवली. सीओडीची आपली मर्यादा याच्या सव्वासहा कोटी पट भरते. एक मर्यादा पिण्याच्या पाण्याची आणि दुसरी सांडपाण्याची असल्यामुळे ही तुलना सरळ नाही, पण दोन्ही मोजपट्ट्यांतील अंतर त्यातून कळते. आता असे समजा, की एखादा कारखाना रोज दहा लाख लिटर पाणी सोडतो आणि त्यात लिटरमागे फक्त १० मायक्रोग्रॅम पीफास आहेत. म्हणजे दिवसाला १० ग्रॅम, चहाचे दोन-तीन चमचे. एवढ्या पदार्थाने २५० कोटी लिटर स्वच्छ पाणी त्या ४ नॅनोग्रॅमच्या मर्यादेपर्यंत पोहोचते. मुंबईला रोज पुरवल्या जाणाऱ्या पाण्याच्या हे निम्म्याहून अधिक आहे. पावसाळ्यात नदी सगळे धुऊन नेते, हे बीओडीच्या बाबतीत काही अंशी खरे आहे. जे विघटित होत नाही, ते केवळ पुढे सरकते आणि साठत जाते. म्हणून अशा रसायनाबाबत ‘लिटरमागे किती’ यापेक्षा ‘वर्षाला किती किलो’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो, आणि तो आपल्याकडे विचारला जात नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. कारखान्यांवर काही जाहीर करण्याचे बंधन आहे का? आहे, पण त्या बंधनाची रचना चक्राकार आहे. कारखाना प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे संमतीसाठी अर्ज करतो आणि त्यात कच्चा माल, उत्पादन, पाण्याचा वापर, सांडपाण्याचे स्वरूप लिहितो. त्यावरून मंडळ संमतीपत्र देते आणि कोणते घटक किती मर्यादेत ठेवायचे ते त्यात लिहिते. पुढे दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कारखान्याने ‘फॉर्म फाइव्ह’ म्हणजे पर्यावरण विवरणपत्र भरायचे असते. त्यात पर्यावरणात सोडलेल्या प्रदूषकांचा तपशील मागितलेला असतो, पण कंसात एक अट असते: संमतीपत्रात नमूद केलेल्या घटकांपुरता. जे अर्जात लिहिले नाही ते संमतीपत्रात आले नाही, जे संमतीपत्रात आले नाही ते मोजले गेले नाही, आणि जे मोजले गेले नाही ते फॉर्म फाइव्हमध्येही उमटले नाही. यात कुणीही कायदा मोडलेला नसतो.

अर्जात हे कसे सुटते तेही सांगतो, कारण मी स्वतः ते केलेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्याचा अर्ज भरताना कच्च्या मालाच्या यादीत ‘प्रोसेस एड’ एवढाच शब्द आणि पुढे वर्षाचे काही टन असा आकडा आला. हे नेमके काय आहे, असे मी स्टोअर्सच्या माणसाला विचारले, तेव्हा त्याने मला ड्रमच दाखवला. ड्रमवर पुरवठादाराचे व्यापारी नाव आणि एक क्रमांक होता. सुरक्षा माहितीपत्रकात घटकांच्या रकान्यात ‘फ्लोरोसर्फॅक्टंट, गोपनीय’ असे दोनच शब्द होते, म्हणजे साबणासारखे काम करणारे फ्लोरिनयुक्त द्रव्य. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी व्यापारी नाव लिहिले आणि अर्ज पुढे गेला. मंडळाच्या अधिकाऱ्यानेही विचारले नाही, कारण त्याच्यापुढे त्या आठवड्यात असे कित्येक अर्ज असणार. या ड्रममधील पदार्थाचा शेवट कुठे झाला असेल, याचा विचार मी खूप उशिरा केला.

म्हणून माझे मत असे आहे, की चाचण्या वाढवण्याआधी नावे वदवून घेतली पाहिजेत. पीफास या कुळात हजारो संयुगे आहेत. आज उपलब्ध असलेल्या उत्तम पद्धतीने, अमेरिकेच्या १६३३ क्रमांकाच्या पद्धतीने, त्यांतील ४० मोजता येतात. एकेचाळिसावे संयुग वापरणाऱ्या कारखान्याचा अहवाल पुन्हा निरंकच येईल. प्रयोगशाळा ज्याचे नाव माहीत आहे तेच शोधते. नाव सांगणे हे ते वापरणाऱ्याचे काम आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात सापडते. तिथे केप फिअर नदीच्या काठी फेयेटव्हिलजवळ फ्लोरिन रसायनांचा मोठा कारखाना आहे. पूर्वी तो ड्यूपाँटचा होता, २०१५ पासून केमोर्सचा. नदीच्या खालच्या अंगाला विल्मिंग्टन शहर हेच पाणी पिते. शास्त्रज्ञांनी नदीत नव्या प्रकारची पीफास शोधून काढली आणि जून २०१७ मध्ये तेथील स्थानिक दैनिकाने त्यांतल्या ‘जेनएक्स’चे प्रकरण छापले, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळले. कारखान्याकडे सांडपाण्याचा परवाना होता, पण त्या परवान्यात जेनएक्सचे नाव नव्हते. पुढे २०१९ मध्ये न्यायालयीन आदेशाने कंपनीवर कठोर अटी लादल्या गेल्या.

तिथे यापुढची एक कायदेशीर गोष्ट आपल्याला शिकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्यात परवानाधारकाला संरक्षण मिळते: परवान्यातील अटी पाळल्या तर त्याच्यावर सहसा कारवाई होत नाही. पण २००१ च्या ‘पायनी रन’ खटल्यात अपील न्यायालयाने या ढालीची लांबी ठरवून दिली. जे प्रदूषक अर्जदाराने परवाना देणाऱ्या यंत्रणेला आधी सांगितले होते आणि यंत्रणेने ज्याचा विचार केला असे मानता येते, तेवढ्यापुरतीच ही ढाल चालते. जे सांगितलेच नाही, त्याला परवानगी मिळालेली नाही. मौनाचा फायदा कारखान्याला मिळण्याऐवजी त्याचा धोका कारखान्यावर येतो, आणि मग व्यवस्थापक स्वतःच ड्रमवरचे लेबल नीट वाचू लागतो.

अमेरिकेतच १९८६ साली झालेला एक कायदा मूळचा आपल्याशी बांधलेला आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडले, आणि त्यानंतर अमेरिकेने कारखान्यांनी हवेत, पाण्यात आणि जमिनीत सोडलेल्या विषारी रसायनांचे वार्षिक आकडे नावानिशी जाहीर करण्याची सक्ती केली. १९८७ च्या आकड्यांपासून सुरू झालेली ही नोंदवही कुणालाही पाहता येते. कायदा दंडाचा नव्हता, केवळ सांगण्याचा होता; तरीही पहिले आकडे सादर करण्याच्या वेळेलाच मोन्सॅन्टोच्या प्रमुखांनी हवेत सोडल्या जाणाऱ्या विषारी रसायनांत ९० टक्के कपात करण्याची जाहीर घोषणा केली. २०२० च्या आकड्यांपासून या यादीत १७२ पीफास आली आणि त्यांच्यासाठी नोंद सक्तीची होण्याचा उंबरठा वर्षाला १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो एवढा खाली आणला गेला. भोपाळनंतर आपल्याकडे १९८९ आणि १९९६ चे रासायनिक अपघातांविषयीचे नियम झाले. ते अपघाताचे नियम आहेत. रोज, शांतपणे, पाइपातून जे जाते त्याची नावानिशी नोंदवही आपण केली नाही. महाराष्ट्रात २०१७ साली मंडळाने कारखान्यांना तारे देण्याची योजना काढली होती, पण ती धुराड्यातील धूलिकणांपुरती होती.

आपल्या तालुक्याच्या दृष्टीने इटलीची कथा दूरची नाही. व्हेनेतो प्रांतात त्रिस्सिनो या गावी मितेनी नावाचा पीफास बनवणारा कारखाना होता. २०१३ साली त्या भागातील भूजलात पीफास असल्याचे समोर आले; सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न निर्माण झाला. २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री मात्र लिलावात महाराष्ट्रातील एका रसायन उद्योगाने घेतली आणि ती आपल्याच तालुक्यातील लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली, हे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेले आहे. यंत्र आले म्हणजे प्रदूषणही आले, असा निष्कर्ष मी काढत नाही. यंत्राचा दोष नसतो, आणि त्याच यंत्रावर बंदिस्त पद्धतीने काम करता येते. पण अशा यंत्रावर काय बनते आणि त्यातून उरलेले कुठे जाते, हे खाडीकाठच्या माणसाला कळण्याची सोय असली पाहिजे, एवढे म्हणण्याचा अधिकार आपल्याला निश्चित आहे.

ती सोय कायद्यात अगदीच नाही असे नाही. १९७४ च्या जल अधिनियमाचे कलम २५(६) फारसे कुणी वाचत नाही. राज्य मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी आणि सांडपाण्याच्या त्या निर्गमामुळे बाधित होणाऱ्या कोणालाही ती योग्य वेळी पाहता यावी, असे त्यात सांगितले आहे. अटींचा फेरविचार करून त्या बदलण्याचा अधिकार कलम २७ ने मंडळाला दिला आहे. कलम ४९ नुसार साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः तक्रार दाखल करू शकतो, आणि अशा नागरिकाने मागितल्यास मंडळाने आपल्याकडील संबंधित अहवाल त्याला द्यायचे असतात. सार्वजनिक हिताच्या विरुद्ध वाटल्यास मात्र मंडळ ते नाकारू शकते. शिवाय धोकादायक कचऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिलेल्या आदेशानुसार कारखान्याच्या मुख्य दारावर रसायने, सांडपाणी आणि कचरा यांची माहिती देणारा फलक लावायचा असतो. आपण तो पाहिला असेल. बहुतेक ठिकाणी दोन पावसाळ्यांनंतर त्यावर सामू आणि सीओडी एवढेच कसेबसे वाचता येते.

म्हणूनच नव्या संसदीय कायद्याची वाट पाहत बसावे, असे मला वाटत नाही. मंडळाने प्रत्येक संमतीपत्रात एक वाक्य घातले तरी खूप काही बदलेल: अर्जदाराने रासायनिक नाव आणि सीएएस या जागतिक ओळख क्रमांकासह जाहीर न केलेला कोणताही दीर्घस्थायी पदार्थ सांडपाण्यात सोडण्यास ही संमती लागू नाही. ‘पायनी रन’मधील तत्त्व एवढ्या एका वाक्यात आपल्याकडे येते. दुसरी गरज पुरवठादाराला बांधून घेण्याची आहे. इचलकरंजीतला प्रोसेस हाउसवाला कापडाला पाणी न धरणारे फिनिश देतो किंवा चाकणजवळचा छोटा प्लेटर, म्हणजे धातूवर मुलामा देणारा, क्रोमच्या टाकीत बाष्प दाबणारे द्रव्य ओततो, तेव्हा त्या डब्यात पीफास आहेत की नाहीत हे त्याला खरोखरच ठाऊक नसते. जाहीर करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकून डबा विकणाऱ्याला गोपनीयतेची सूट दिली, तर आपण फक्त लहान माणसाला गुन्हेगार ठरवू.

गोपनीयतेचा मुद्दा प्रत्येक बैठकीत निघतो. माझे उत्तर साधे आहे: उत्पादनात काय घातले हे तुमचे गुपित असू शकते, पण सार्वजनिक प्रवाहात काय ओतले हे गुपित राहत नाही. अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्याच्या कलम ३०८ मध्ये हे स्पष्ट लिहिलेले आहे. सांडपाण्याचे आकडे तिथे व्यापारी गुपित म्हणून झाकता येत नाहीत. आपल्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ) मध्येही व्यापारी गुपिताच्या अपवादाला ‘व्यापक जनहित’ हा अपवाद आहेच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पीफासची चाचणी महाग आहे आणि ती करू शकणाऱ्या प्रयोगशाळा थोड्या आहेत, हे मान्य. पण जाहीर करण्यासाठी पहिल्या टप्प्यात प्रयोगशाळा लागत नाही, खरेदीची वही लागते. प्लेटिंगच्या दुकानाने वर्षाला बाष्परोधकाचे पन्नास लिटर घेतले. ते द्रव्य मुलामा दिलेल्या बंपरवर चढत नाही. म्हणजे ते धुण्याच्या पाण्यात गेले, गाळात गेले किंवा टाकीतच आहे. चौथी जागा नाही. आवक वजा शिल्लक वजा गाळ, उरले ते पाणी. अमेरिकेच्या नोंदवहीतील अनेक आकडे अशाच हिशेबाने येतात. पडताळणीसाठी नंतर शोषणक्षम सेंद्रिय फ्लोरिनची चाचणी वापरता येते. ती कोणते पीफास ते सांगत नाही, पण एकूण फ्लोरिनयुक्त सेंद्रिय द्रव्य आहे की नाही हे सांगते, आणि जाहीर केलेल्या यादीशी आकडा जुळला नाही तर प्रश्न विचारायला आधार मिळतो.

सीईटीपीबद्दल फक्त एवढेच सांगतो, की तिथे शंभर घरचे पाणी एका हौदात आले की कुणाचे काय हे कळत नाही, आणि जैविक प्रक्रियेत पीफास नष्ट होत नाहीत. काही पाण्याबरोबर बाहेर जातात, काही गाळाबरोबर तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या भरावात. म्हणून नावे प्रत्येक सभासद कारखान्याच्या दारातच घेतली पाहिजेत.

भारताने दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराला २००६ मध्ये मान्यता दिली आहे. त्या करारात पीफॉस २००९ मध्ये, पीफोआ २०१९ मध्ये आणि त्याच कुळातली पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये आली. आपल्या २०१८ च्या नियमांनी सात प्रदूषकांवर बंदी घातली, पण त्या सातांत ही तिन्ही नाहीत. त्यामुळे ‘बंदी असलेले काही वापरत नाही’ असे कारखान्याने लिहून दिले, तर त्यावर समाधान मानू नये.

आता आपण काय करावे ते सांगतो. ज्या कारखान्यांचे पाणी आपल्या नाल्याला येते, त्यांची संमतीपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ती आधी वाचावीत आणि कच्च्या मालाच्या यादीत व्यापारी नावे किंवा ‘अॅडिटिव्ह’, ‘प्रोसेस एड’ असे शब्द कुठे आहेत त्यांवर खूण करावी. मग मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्याकडे त्या विशिष्ट नोंदींची सुरक्षा माहितीपत्रके, मागील तीन वर्षांचे फॉर्म फाइव्ह आणि नमुना तपासणीचे अहवाल मागावेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) नुसार खासगी संस्थेकडील जी माहिती मंडळ अन्य कायद्याने मिळवू शकते, तीही आपल्याला मागता येते, आणि जल अधिनियमाच्या कलम २० ने मंडळाला ती मिळवण्याचा अधिकार आहे. अर्जात दोन्ही कलमे एकत्र लिहावीत. ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर मग सहज देता येत नाही.

नमुने घेण्याची घाई मात्र करू नये. आपण स्वतः घेतलेल्या नमुन्याला न्यायालयात फारशी किंमत नसते. कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस देऊन घेतलेला, दोन भाग करून सीलबंद आणि सही केलेला नमुनाच टिकतो. तरी अशा वेळी आपण हजर राहावे आणि बाटल्यांकडे लक्ष ठेवावे. एकदा माझ्या समक्ष पीफासच्या तपासणीसाठी आणलेल्या बाटल्यांच्या झाकणांना आतून टेफ्लॉनचे अस्तर निघाले. टेफ्लॉन हे स्वतःच त्या कुळातले. नमुना परत घ्यावा लागला. बाटली आणि झाकण दोन्ही पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईचे आहे का, एवढे विचारले तरी समोरचा माणूस ओळखतो की हा प्रश्न ऐकून घरी जाणारा नाही.